जायफळाविना पुरण

वनमालाबाईंच्या फ्रीझरमधून चोरी होत होती आणि चोर घरातलाच होता. एवढं पक्कं झाल्यावर उरतं काय? फक्त नाव.

गेला होता पुरणपोळ्यांचा डबा. हसू नका. या पोळ्या महालक्ष्म्यांच्या होत्या. त्यांच्या घराण्याचा दस्तूर असा, की भाद्रपदात महालक्ष्म्या जेवल्या की त्या रांधणातला कणही उंबऱ्याबाहेर जायचा नाही. पाहुण्यानं यावं, पोटभर जेवावं, पान खावं आणि रिकाम्या हातानं घरी जावं. प्रसाद बाहेर गेला की त्याच्यामागं लक्ष्मीही जाते, असं बाईंच्या सासूनं सांगून ठेवलं होतं. आणि सासू खोटं बोलत असे ते फक्त दुधावरच्या सायीबद्दल.

पूर्वी हे सोपं होतं. उरलेलं सगळं घरच्यांनी दोन दिवसांत संपवायचं, मग पोटाचं काय व्हायचं ते होवो. फ्रीझर आला आणि उरलेल्याला आयुष्य मिळालं. पुरण, पोळ्या, सोळा भाज्यांची भाजी, सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरायचं आणि दसऱ्यापर्यंत पुरवून खायचं. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं, हे बाईंची नात स्वरा बोलायच्या आधी शिकली. पण टिकणाऱ्या मालाला चोर असतोच. दोन दिवसांत संपायचं तेव्हा कुणाला चोरायची फुरसत नव्हती.

डबा गेला ते बर्फानं सांगितलं. फ्रीझर जुन्या तऱ्हेचा, चहूबाजूंनी बर्फ धरणारा. डबा होता तिथं चौकोनी खळगा राहिला होता, दात पडल्यावर हिरडीत राहतो तसा. पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारी दुसरा.

बाईंनी एकेकाला मनातल्या मनात उभं केलं. धुणीभांडी करणारी राहीबाई? दुसरा डबा गेला तेव्हा ती बाजारहत्नूरला बहिणीकडं होती. मुलगा राघवेंद्र? तो बँकेतून येऊन उभ्याउभ्या खाईल, पण रिकामा डबा मोरीत टाकून जाईल. इथं डबेही परत येत नव्हते, म्हणजे माल बाहेर जात होता. नवरा नरसिंगराव? तहसीलमधून रिटायर झालेला, साखरेच्या गोळ्या खाणारा, शनिवारी जैनथच्या देवळाला स्कूटरवर जाऊन येणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचे पंचनामे केले, पण स्वतःचा चष्मा सापडत नाही. त्याच्या हातून चोरी? चोरीचा अपमान होईल.

उरली सून. अदिती कॉलेजात शिकवायची. माहेर भैंसा गावचं. फ्रिजही तिच्या लग्नात भैंसाहूनच आलेला. आणि एखाद्या रविवारी ती मोठी पिशवी घेऊन भैंसाच्या बसमध्ये बसायची. फ्रिज तिकडचा म्हणून माल तिकडं, असा बाईंचा हिशेब झटक्यात जुळला. इतका झटक्यात जुळलेला हिशेब पुन्हा तपासावा, हे त्यांना सुचलं नाही. कुणाला सुचतं?

खरी पंचाईत पुढंच होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाईंनी ठरवलं होतं की पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या अदितीनं बसवायच्या. पितळी मुखवट्यांच्या पेटीची किल्ली तिच्या हाती द्यायची. तसं सगळ्यांसमोर बोलूनही झालं होतं. आता प्रसाद माहेरी पोचवणाऱ्या हातात मुखवटे द्यायचे कसे? आणि दिले नाहीत तर त्या बसवणार कोण?

"आई, घडीघडी फ्रीझर उघडून काय पाहता? सगळं वितळून राह्यलं," अदिती एका सकाळी म्हणाली.

"तेच पाहून राह्यले. काय काय वितळते ते."

अदितीनं हातातली कणीक परातीत टाकली. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. भैंसाले गरमी लई असंल ना आता?"

"तुम्हाला वाटते मी नेते?"

"म्या नाव घेतलं का?"

"घ्या ना मग. काऊन नाही घेत?" अदितीचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि बाईंना ते जास्त लागलं. "मागच्या रविवारी तुम्ही माझी पिशवी चाचपली. मी पाहिलं. ती किल्ली तुमच्याजवळच ठेवा. ज्या घरात माझ्या पिशवीवर डोळा, तिथल्या लक्ष्म्या मी बसवणार नाही."

चोर असा उलटा चढतो, हे बाईंना ठाऊक होतं. खरं माणूसही असंच चढतं, हेही ठाऊक होतं. त्यामुळं रात्रभर कूस बदलून झालं, निकाल लागला नाही.

मग त्यांनी सापळा लावला. अदिती कॉलेजला गेल्यावर नवं पुरण शिजवलं, वेगळं, प्रसादाबिसादाचं नसलेलं, आणि त्यात जायफळ घातलं नाही. त्यांच्या पुरणात जायफळ नसणं म्हणजे तहसीलीत शिक्का नसणं. पोळ्या लाटल्या, गुलाबी डब्यात भरल्या आणि हाताला लागेल असा वर ठेवला. अदितीची आई रेणुकाबाई चवीची पक्की आणि तोंडाची कच्ची. लोकांच्या घरच्या वरणातलं मीठ ती पंगत उठायच्या आत जाहीर करायची. जायफळ नसल्याची गोष्ट तिच्या पोटात राहणं शक्य नव्हतं.

गुलाबी डबा गेला. बाईंनी आनंदानं भैंसाला फोन लावला.

"काय म्हणता विहीणबाई? जेवण?"

"झालं. भाकर अन् पिठलं."

"गोडधोड काही?"

"कुठचं गोड बाप्पा! डॉक्टरनं आमच्या यायचा गूळबी बंद केला."

"पुरणपोळी खावीशी नाही वाटत?"

"काऊन वो, पाठवून राह्यल्या का?"

बाईंनी फोन ठेवला. लई पक्की निघाली, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. निर्दोष माणसाचं बोलणं आणि मुरलेल्या चोराचं बोलणं यांत फरक करायचा कसा, याला त्यांच्याकडं माप नव्हतं.

चार दिवसांनी आदिलाबादेतच सुधाकरराव नावाच्या भाऊबंदांकडं नातवाचं बारसं होतं. बाई अदितीला घेऊन गेल्या. दोघी एका ऑटोत बसल्या, पण मधे एक पिशवी ठेवून.

तिथं मनकर्णा आली होती. ही बाईंची धाकटी जाऊ. तिचा नवरा मारोतराव, म्हणजे नरसिंगरावांचा सख्खा भाऊ, जैनथला भाजीचा मळा करतो. भाऊ वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, पण मुखवटे वाटता येईनात. ते थोरल्याकडं राहिले. "मग त्या उंबऱ्याला पायबी लावणार नाही," असं मनकर्णा म्हणाली आणि तिनं ते पाळलं. तेव्हापासून दोघी जावा लोकांच्याच मांडवात भेटायच्या आणि कोर्टातल्या दोन पार्ट्यांसारखं गोड बोलायच्या.

पंगतीत पुरणपोळीच होती. एक बाई म्हणाली, "पुरण खावं तं वनमालाबाईच्या हातचं."

मनकर्णानं तुकडा मोडला. "एरवी खरं हाय. पण बाई, यंदा जायफळ इसरल्या वाट्टे तुमी."

बोलली आणि थांबली. तुकडा हातातच राहिला.

आजूबाजूच्या बायकांचे जबडेही थांबले. सगळ्यांना दस्तूर माहीत होता. सगळ्यांना मनकर्णाची प्रतिज्ञाही माहीत होती. जिनं उंबऱ्याला पाय लावला नाही, तिच्या जिभेला ते पुरण लागलं कसं?

बाईंना मात्र सगळं एकदम दिसलं. शनिवारचं जैनथ. भर उन्हात ओली असणारी स्कूटरची डिकी. "देवळात गर्दी होती" म्हणत उशिरा येणारा, चष्मा न सापडणारा माणूस.

त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. "तुले कुठून भेटलं?" म्हटलं असतं तर मनकर्णा सगळ्यांसमोर उघडी पडली असती. पण तिच्याबरोबर लक्ष्मीही घराबाहेर गेल्याची दवंडी पिटली गेली असती. तो डबा प्रसादाचा नव्हताच म्हणावं, तर सापळा कुणासाठी लावला होता हे सांगावं लागलं असतं. आणि जिच्यासाठी लावला होता, ती समोर बसून त्यांच्याकडं एकटक पाहत होती.

"इसरले खरं," वनमालाबाई म्हणाल्या. "वय झालं आता."

लग्नापासून आजवर स्वयंपाकात काही विसरल्याचं त्यांनी कबूल केलं नव्हतं. मनकर्णानं मान खाली घातली. "होते कधी कधी," ती पुटपुटली आणि तुकडा कसाबसा गिळला.

परतताना ऑटोत पिशवी अदितीच्या मांडीवर होती.

"आई, तुम्ही जायफळ विसरत नाही."

"नाही."

"मग?"

बाईंनी कमरेची किल्ली काढून पुढं केली. अदितीनं हात पुढं केला नाही.

"आधी म्हणा."

"काय म्हनू?"

"तुम्हाला माहीत आहे."

ऑटो गतिरोधकावरून उडाला. मग रस्त्याकडं पाहत बाई म्हणाल्या, "तू नेलं नाही. म्या उगाच तुह्यावर संशय धरला."

अदितीनं किल्ली घेतली. "आणि पिशवी?"

"पिशवीबी."

शनिवारी नरसिंगराव स्कूटरला किक मारत होते. बाईंनी उरलेले सगळे डबे कापडी पिशवीत भरून सीटवर ठेवले.

"हे काय?"

"नैवेद्य. तुमच्या जैनथच्या नारायणाले पुरण चालते म्हन्ते."

नरसिंगरावांनी किकवरचा पाय काढला. "मारोत्या म्हन्ला होता, मायच्या हातची चव तुह्याच घरी उरली. फ्रीझर उघडला की तेच आठवे. काय करू?"

"इचारायचं."

"तू हो म्हन्ली असती?"

"नाही." बाईंनी पिशवीची गाठ आवळली. "आता आइका. तो तुमचा भाऊ, म्हन्जे घरचाच. घरच्यानं खाल्लं तं प्रसाद बाहेर गेला नाही."

"असा दस्तूर नाही."

"आजपासून हाय. पण मुखवटे इथंच राहतीन, तिले सांगजा. अन् माहे डबे वापस पाहिजेत."

संध्याकाळी डबे आले. सगळे, घासूनपुसून. रिकामा डबा परत करायचा नसतो, त्यामुळं एकात मळ्यातली वांगी, एकात हिरव्या मिरच्या, एकात शेंगा. गुलाबी डबा हलका होता. अदितीनं झाकण उघडलं. आत एक अख्खं जायफळ.

वनमालाबाईंनी ते उचललं, नखानं टोकरलं, वास घेतला. चांगलं होतं. म्हणूनच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ती माफी मागून राह्यली, का टोमना मारून राह्यली?"

"कळेल ना," अदिती म्हणाली. तिनं जायफळ बाईंच्या हातून काढून घेतलं आणि मुखवट्यांची पेटी उघडायला गेली. "पुढच्या भाद्रपदात काकूला किसायला बोलावू. तेव्हा विचारा."

"ती येईन?" बाई तिच्या मागोमाग गेल्या. "अन् आली तं रिकाम्या हातानं परत जाईन का?"