धुऱ्यावर उतरलेलं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर दोन देशांचं मिळून होतं. मध्यम वजनाचं, नागरी, सोळा माणसांचं. ते मिळून करायचं हे ठरायलाच दोन्ही सरकारांना अकरा वर्षं लागली होती आणि दरवाजाची कडी कुणी करायची हे अजून ठरायचं होतं. ते मे महिन्याच्या उन्हात चाचणी देता देता पुसेगावच्या शिवारात, विश्वंभर आणि सटवाजी या सख्ख्या भावांच्या धुऱ्यावर, दोघांच्या रानांमधल्या बांधावर उतरलं. एक चाक थोरल्याच्या रानात, एक धाकट्याच्या, आणि पुढचं थेट हद्दीच्या दगडावर. दगडाचे तीन तुकडे झाले.

सटवाजी धाकटा. बाभूळ तोडत होता, तो कुऱ्हाडीसकट पळत आला, दगडासाठी. हेलिकॉप्टर काय, पुन्हा आलं असतं.

खाली उतरलेल्या दोन इंजिनियरांचं तोवर जुंपलं होतं. एक आपला, एक परदेशी. एक लाल दिवा लागला म्हणून उतरावं लागलं होतं. तो उगाच लागला, यंत्र ठणठणीत आहे, हे दोघांनाही मान्य होतं. वाद होता तो दिवा खोटा की वायर खोटी याचा. कारण दिवा त्यांच्या देशाचा होता आणि वायर आपल्या. कागदावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय उडायचं नाही, असा करार. आधी सही समोरच्यानं करावी, असा दोघांचाही नम्र आग्रह होता. पायलट सीटवर बसून काकडी खात होता.

"दगड हितं व्हता," मागोमाग आलेल्या विश्वंभरनं सटवाजीच्या रानात दोन हात आत काठी रोवली.

"तिथं तर माझी हळद व्हती, दादा. माझ्या हळदीत दगड पेरला व्हता का तू?"

"दरसाली नांगरताना धुऱ्याचं एकेक तास खाऊन राहिला तू. म्या आंधळा न्हाई."

"खाल्लं म्हणं! घे बापाची शपथ."

"बापाचं नाव काढू नको. त्याच्या तोंडात पाणी घालायला तरी व्हतास का?"

इथवर सगळं दरवर्षीचंच होतं. मग विश्वंभरची काठी सटवाजीच्या कानशिलावर बसली. सटवाजीची कुऱ्हाड कधी उठली, हे पुढं पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यालाही सांगता आलं नाही. पातं डाव्या खांद्यात शिरलं, ओल्या लाकडात शिरतं तसं. विश्वंभर बसला, मग आडवा झाला. रान इतकं तापलेलं होतं, की रक्त पडेल तसं पिऊन टाकत होतं.

विश्वंभरची बायको द्वारकाबाई आखाड्यावरून, रानातल्या गोठ्याकडून धावत आली. एका हातानं तिनं पदराचा बोळा जखमेत कोंबला, दुसऱ्या हातानं ढेकूळ उचलून सटवाजीच्या तोंडावर हाणलं. दोन दात गेले.

"खा धुरा, भावजी! घ्या, पोटभर खा!"

ॲम्ब्युलन्स वारंगा फाट्यावरच्या अपघाताला गेलेली. तास तरी लागेल, असं फोनवरून कळलं. विश्वंभरचे ओठ पांढरे पडत चालले होते. सटवाजीनं दात थुंकले आणि त्याचं लक्ष पहिल्यांदाच हेलिकॉप्टरकडं गेलं.

"दादाला ह्याच्यात घाला. नांदेडला न्या."

"काका, समजून घ्या," आपला इंजिनियर म्हणाला. "हे प्रायोगिक यान आहे. दोन्ही बाजूंची लेखी संमती असल्याशिवाय..."

कुऱ्हाड त्यांच्या घडीच्या टेबलावर आली. टेबलाचे दोन भाग झाले, लॅपटॉपचेही. मग सटवाजीनं परदेशी इंजिनियरची कॉलर धरली आणि ओलं पातं त्याच्या हनुवटीखाली लावलं.

"सही कर. येत नसंल तर अंगठा लाव. शाई लई सांडली हितं."

भाषांतराची गरज पडली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही देशांनी एकाच क्षणी सही केली. कारणाच्या रकान्यात आपल्या इंजिनियरनं 'स्थानिक परिस्थिती' असं लिहिलं.

कुऱ्हाड खाली टाकून सटवाजी आत चढला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. द्वारकाबाई जखम दाबून होती. हेलिकॉप्टर उडालं. वरून धुरा स्वच्छ दिसत होता. वरच्या टोकापासून सरळ निघालेला आणि मधेच विश्वंभरच्या रानात आत ढकललेला. बारा वर्षांची नांगराची बारा तासं.

"दादा," त्यानं हाक मारली. हात गार लागत होता.

"दादा, धुरा म्याच खाल्ला."

विश्वंभरचे डोळे उघडले. उजवा हात उठला आणि सटवाजीच्या नरड्यावर बसला. आपला इंजिनियर सोडवायला वाकला, तर सटवाजीनं त्याच्या छातीत लाथ घातली.

"सोडवू नका!"

जरा वेळानं पकड ढिली पडली.

"विहिरीकडचा बी खाल्ला."

पकड घट्ट झाली.

"आजची बाभूळ तुझी व्हती."

आणखी घट्ट. पकड आहे तोवर दादा आहे, हा हिशोब सटवाजीला बराबर समजला होता. पण खरी पापं अर्ध्या वाटेतच संपली. मग घुसमटत, रक्ताळल्या तोंडानं, तो न केलेली कबूल करत सुटला. विहिरीवरची मोटार चोरली ती म्या. कडबा पेटवला तो म्या. बापाला तुझ्याविरुद्ध भरवलं, ते बी म्याच.

नांदेडला स्ट्रेचर आलं, तेव्हा त्याच्या नरड्यावरची पाच बोटं एकेक करून उकलावी लागली. "राहू द्या, राहू द्या," असं सटवाजी म्हणत होता, पण आवाज फुटत नव्हता.