लाल-काळ्या गोळ्यांची वाटणी

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पण आमच्या घरातून तिथल्या मोठ्या दवाखान्याची पायरी आधी चढली ती माझी धाकटी जाऊ, सरजा. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिच्या पायावर दगड पडला, जखम चिघळली. दीर तिला निलंग्याहून एसटीनं घेऊन गेले आणि लाल-काळ्या पंधरा गोळ्या घेऊन आले. दिवसाला तीन. मला दहा वर्षांत कुणी निलंग्याच्या बाजारालासुद्धा नेलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

सासूबाई तिच्या उशाशी बसून तिला पाणी पाजायच्या. तेही मी दोन मैलांवरून डोक्यावर आणलेलं! दोन दिवसांत तिचा ठणका थांबला, तशी मी खोकत त्यांच्यापुढं जाऊन बसले. सर्दी खरीच होती. खोकला थोडा वाढवला.

"आत्या, मी काय सावत्र हाय का?"

लुगडं असो की लाडू, सासूबाई दोघी सुनांना सारखंच द्यायच्या. उरलेल्या नऊ गोळ्यांतल्या चार त्यांनी सरजाला दिल्या, चार मला. राहिलेली एक, मोठी सून म्हणून, मलाच. मी सगळ्या ऐटीत गिळल्या.

आठ दिवसांत सरजाचा पाय पुन्हा सुजून काळानिळा पडला. या वेळी तिच्याबरोबर मी गेले. तिची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी बाहेर येऊन गोळ्यांचं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"सर्दीला या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही, बाई. आणि तिचं औषध अर्ध्यावर तुटलं. ठणका थांबला तरी जंतू मेले नव्हते. चिवट तेवढे उरले, तेच उलटले."

सरजाला घेऊन घरी आल्यावर मी यातलं कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरजानं नवी पुडी सोडली. सात गोळ्या स्वतःकडं ठेवून आठ माझ्या हातावर ठेवल्या.

"अक्का, तुमचा खोकला गेला न्हाई अजून. एक जास्तीची तुमची, तुमी मोठ्या."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी गोळ्या तिच्या पुडीत परत टाकल्या.

"संपेपर्यंत तूच खा! कुणाला एक बी देऊ नको. तुझी बोटं माझ्यामुळं गेली, सरजे."

डॉक्टरांचं सगळं बोलणं मी तिला सांगितलं. तिनं पायाची पट्टी सारखी केली. मग तिनं एक गोळी उचलली.

"पाणी द्या, अक्का."

जिच्यामुळं बोटं गेली, तिच्याकडं मला असं पाणी मागता आलं नसतं. तेव्हाही मला तिचा हेवा वाटला. मी उठून तांब्या भरला.