सगळ्यात सावकाश पुढे

शनिवार पेठेतल्या आमच्या राममंदिरात दर रविवारी संध्याकाळी दीनानाथबुवांचं कीर्तन असतं, आणि बुवांच्या उजव्या खांद्यामागे, झांज घेऊन, सव्वीस वर्षं मी बसत आले. बुवा ध्रुपदाची ओळ टाकतात. ती मागून उचलायची, घोळवायची, आणि शेवटच्या रांगेतल्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या तोंडात बसेपर्यंत सोडायची नाही, हे माझं काम. या सव्वीस वर्षांत आई गेली, मी शाळेतून निवृत्त झाले, भावानं बोलणं टाकलं. ती दीड हात चटई तेवढी जागची हलली नाही. देव कुठे भेटतो असं मला कुणी विचारलं असतं, तर मी तिच्याकडेच बोट दाखवलं असतं.

गुरुवारी मंदिराचे कार्यवाह शरच्चंद्रराव घरी आले, ते त्या चटईबद्दल बोलायला.

चहा नको म्हणाले. आमच्या पेठेत पाहुणा चहा नको म्हणाला की प्रकरण गंभीर समजावं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. टेकडीवर पंधराएक माणसं, मागे सप्तरंगी कापड, आणि पुढच्या रांगेत मी आणि सुनीती, एकमेकींचा हात धरून. एक पोरगा सोडला तर सगळ्यांच्या कपाळी बुक्का.

"हा बुक्का देवळातला?" त्यांनी विचारलं.

"तुळशीबागेतला," मी म्हटलं.

सुनीती आणि मी चौतीस वर्षं एका घरात राहतो. ती बँकेत होती, मी मराठी शिकवत होते. लोकांच्या लेखी आम्ही मैत्रिणी. खरं सांगायचं तर आमच्याही लेखी. जे होतं त्याला आम्ही कधी नाव दिलं नाही. देव्हाऱ्याला दोघींनी मिळून फुलं वाहिली, तेवढं पुरलं. मग सुनीतीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, चढा. एका ग्रुपबरोबर गेलो, तर पुढची मंडळी इतकी पुढे गेली की त्यांच्या टोप्याही दिसेनात, आणि परतताना आम्हाला सांगून गेली की आजी, तुम्ही खालीच थांबायला हवं होतं.

त्यानंतर सुनीतीनं कुठूनसा एक कागद आणून फ्रीजला लावला. 'क्वीअर मंडळींसाठी टेकडीची सहल. चढता येत नसेल तरी या. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे चालेल, त्याला कुणी ओलांडणार नाही.' आठवडाभर त्या कागदाखालून आम्ही दूध काढलं, दही ठेवलं. शनिवारी मी विचारलं, "उद्या डब्याला काय करू?" तिनं मागे न वळता सांगितलं, "दशम्या कर. टिकतात."

त्या पहिल्या सहलीला मी एक चूक केली. टेकडीच्या पायथ्याशी सगळे गोल उभे राहिले, आणि मी सवयीनं पिशवीतून बुक्क्याची डबी काढून एकेक कपाळाला लावत सुटले. कीर्तनात बुक्का लावताना कपाळ बघतात, माणूस कोण ते बघत नाहीत. पण इथे कितीजणांना घरातून बाहेर काढताना देवाचंच नाव पुढे केलं होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वारज्याचा जयसिंग, कॉम्प्युटरवाला पोरगा, एक पाऊल मागे सरला. मी डबी मिटली, त्याची माफी मागितली. तेवढ्यात सहल नेणारी हेमा पुढे आली. धायरीच्या शेतकरी घरातली. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, आणि ती हेमा झाली तेव्हा दार लावून घेतलं. ती म्हणाली, "मला लावा मावशी. नऊ वर्सं झाली, कुनी लावला न्हाई." मग बाकीचेही आले. जयसिंग तेवढा आला नाही. फोटोतलं कोरं कपाळ त्याचं.

शरच्चंद्ररावांना यातलं काही नको होतं. त्यांनी आणला होता एक कागद, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला. 'सदर सहल कोणत्या प्रकारच्या लोकांची आहे याची कल्पना नसल्याने मी चुकून सहभागी झाले. त्याबद्दल दिलगीर आहे.' खाली सहीसाठी रेघ. रविवारी पाचपर्यंत सही करून द्यायची; सहाला कीर्तन. नाहीतर बुवांच्या मागे शरच्चंद्ररावांची वहिनी शकू बसेल.

"मी काही वाईट माणूस नाही, मंदाकिनीताई," ते म्हणाले. "मी तुम्हाला वाट काढून देतोय."

"वाट चांगली आहे," सुनीती आतून म्हणाली. "फक्त आम्ही सावकाश चालतो. पाचपर्यंत पोचू असं नाही."

ते गेल्यावर मात्र ती म्हणाली, जागा तुझी, ठरव तू, एवढंच. आणि कबूल करते, शुक्रवारी आणि शनिवारी मी पेनाचं टोपण दोनदा उघडलं. एक सही करायची, आणि मरेपर्यंत बुवांच्या मागे बसायचं. देवाला खरं काय ते माहीत आहे, मग कागदावर काय का असेना, असंही मनाला समजावून पाहिलं. पण कीर्तनात इतकी वर्षं ऐकलं काय? खरं तोंडानं बोलायला शीक, म्हणूनच ना बुवा घसा फोडून सांगत आले.

रविवारी सकाळी सातला धायरीमागच्या टेकडीची सहल होती. कागद पिशवीत, झांजांशेजारी ठेवला आणि गेले.

सुनीतीचा खुबा आता बरा चालतो. माझे गुडघे बिघडले आहेत. म्हणजे सगळ्यात सावकाश मी, म्हणून सगळ्यात पुढे मी. सगळ्यात वेगवान जयसिंग, म्हणून तो त्याच्या दणकट बुटांसह शेवटी. अर्ध्यावर माझा श्वास संपला. मी दगडावर बसले आणि म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबते. मागून कुणी हललं नाही.

"मावशी," हेमा म्हणाली, "फुडं जायचं आसतं तर आमी कवाच गेलो आसतो. तुमी थांबला, तर समद्यांचा थांबा हाय."

"नो टेन्शन मावशी," जयसिंग खालून ओरडला. "मी इथे मस्त चिल करतोय."

मला लाज वाटली. मी उठले. पावलाला ताल मिळावा म्हणून बुवांचं, त्यांनीच रचलेलं, ध्रुपद हळूच म्हणायला लागले. 'आम्ही चालू सावकाश, देव थांबे वाटेवरी.' माझ्यासाठीच म्हणत होते. पण मागून हेमानं ते उचललं. तिच्यामागे आणखी दोघं. मग सगळी रांग. जयसिंग शब्द चुकवत होता, 'सावकाश'च्या जागी भलतंच काही म्हणत होता, पण सोडत नव्हता. सव्वीस वर्षं मी दुसऱ्याची ओळ मागून उचलत आले. माझी ओळ मागून कुणी उचलली, हे आयुष्यात पहिल्यांदा. पायाखाली काय होतं ते मला आठवत नाही. वर पोचलो तेव्हा कळलं, पोचलो.

वर मी पिशवीतून शरच्चंद्ररावांचा कागद काढला आणि शाळेतलं लाल पेन. 'कल्पना नसल्याने' खोडलं, वर लिहिलं 'पूर्ण कल्पना असल्याने'. 'चुकून' खोडलं, वर लिहिलं 'जाणूनबुजून'. दिलगिरीचं वाक्य सबंध खोडलं, आणि त्याजागी लिहिलं, 'मी त्याच प्रकारची आहे.' रेघेवर सही केली.

सुनीतीनं चष्मा लावून सगळं वाचलं. जुन्या बँकवालीच्या बारकाईनं. मग पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'सहमत. चौतीस वर्षे.' सही, आणि तारीख.

आम्ही दशम्या उघडल्या. जयसिंग शेजारी येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग कपाळावरचे केस मागे सारून म्हणाला, "ती डबी आणलीय का?"

मी लावला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी कागद शरच्चंद्ररावांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. कान लाल झाले. कागदाची चार घड्यांची पुडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि शकूला खुणावलं. ती माझ्या चटईवर जाऊन बसली. ती जागा माझी होती.

मी श्रोत्यांत पहिल्या रांगेत मांडी घातली. सुनीतीला खुर्ची दिली. हेमा, जयसिंग आणि आणखी सहाजण आले होते. दाराशी बुक्का लावणारा स्वयंसेवक हेमापाशी येऊन अडला, बोट हवेत. "कपाळ बघा," मी म्हटलं. त्यानं लावला.

बुवा उभे राहिले. एकोणऐंशी वर्षांचं वय, वीणा छातीशी. मागे वळून त्यांनी शकूकडे पाहिलं, मग समोर माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तेच ध्रुपद टाकलं. शकूचा गळा गोड आहे, खोटं कशाला बोलू? पण तिनं ओळ एकदा म्हटली आणि परीक्षेत म्हणून झाल्यासारखी थांबली. ओळ तशीच देवळात लोंबकळत राहिली. बुवांनी वाट पाहिली.

मी पिशवीतून झांज काढली.

खांबापाशी उभे असलेले शरच्चंद्रराव मला हातानं नाही नाही करत होते. मी ओळ उचलली, खालून, जमिनीवरून. हेमानं उचलली. बुवा नेहमीसारखे तीन पावलं पुढे आले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी ती पुन्हा दिली, मला दिली. तासभर त्यांनी मागे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी सभामंडपाच्या खांबावर पाटी होती. 'श्रोत्यांनी ध्रुपद म्हणू नये. झांजा आणू नयेत. आदेशावरून.' मोत्यासारखं अक्षर. चटईवर शकूच होती. ती जागा मला अजून परत मिळालेली नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

बुवांनी चष्मा कपाळावर ढकलून पाटी सावकाश वाचली. माइकपाशी आले. "अक्षर सुवाच्य आहे," म्हणाले, आणि त्यांनी ओळ टाकली.

मी झांज उचलायच्या आत मागून कुणीतरी ती मोठ्यानं म्हटली. शेवटच्या रांगेतले आजोबा. पाटी त्यांनी वाचली नव्हती, किंवा वाचली होती. त्या वयात विचारता येत नाही. त्यांच्या पुढची रांग म्हणायला लागली, मग तिच्या पुढची. हेमा, जयसिंग, पेठेतल्या बायका. शकूनंही ओळ परत घेतली, या वेळी सोडली नाही. मी पाटीखाली बसून झांज वाजवत होते.

आणि शेजारच्या खुर्चीवर सुनीती, जी देवळात सव्वीस वर्षं नुसती माझी पिशवी सांभाळत बसली, ती गायला लागली. भसाड्या आवाजात, सूर सोडून. शरच्चंद्ररावांनी वळून आमच्याकडे पाहिलं. हळू म्हण, असं मी तिला सांगितलं नाही.