बेडीचं माप

अफाफने आपल्या मुलीच्या, बस्मलाच्या, डाव्या पायाचे पट्टे सोडले, प्लास्टिकचा स्प्लिंट काढून मशिदीच्या पायरीवर ठेवला आणि ती उजव्या पायाकडे वळली. आत शुक्रवारची नमाज संपत आली होती.

स्प्लिंट काढायला नेमातमावशीने सांगितलं होतं. रीत अनवाणी पायांची आहे, आणि रशीद शहरातली माणसं वर्षाच्या मुलांना आणतात, आपली पाच वर्षांची घोडी झाली, असंही ती म्हणाली होती.

चालायला उशीर लागलेल्या मुलाच्या पायांत दोराची बेडी घालायची. नमाजेनंतर जो पहिला बाहेर येईल त्याने ती कापायची. अफाफच्या आईने तीन वर्षं हाच घोशा लावला होता आणि अफाफ तीन वर्षं नाही म्हणत आली होती. सेरेब्रल पाल्सी दोर कापून जात नाही, हे तिने परोपरीने सांगून पाहिलं. आई ऐकून घ्यायची आणि स्प्लिंटांना तुरुंग म्हणायची.

हिवाळ्यात उपचार केंद्रातल्या बाईंनी बस्मलाचा घोटा मोजला. तो आणखी आखडला होता. स्प्लिंट रोज सहा तास पायांत असतात ना, असं त्यांनी विचारलं. अफाफ दिवसभर मासळीच्या कारखान्यात असायची; घरी आई. त्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, “मी गेले की तू ते काढून टाकतेस. तिचे पाय तू वाया घालवलेस.”

आई मसूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. पुढे दोघी कामापुरतंच बोलल्या, आणि सहाव्या आठवड्यात आई गेली.

बेडी तिच्या पेटीत निघाली. खजुराच्या काथ्याचे दोन फासे, मधे वीतभर दोर, प्रत्येक फाशाला काथ्याचीच घुंडी. मावशी अडून बसली. मेलेल्या बाईची एवढी एक इच्छा. अफाफला वाद नको होता.

तिने फासे बस्मलाच्या घोट्यांभोवती घेऊन घुंड्या अडकवल्या. हात सोडताच दोन्ही फासे पावलांवरून घसरून पायरीवर पडले.

“माप चुकलं बिचारीचं,” मावशी म्हणाली. “डोळे कुठे राहिले होते तिला. गाठ मारून आवळ.”

अफाफ वाकली, तशी बस्मलाने मान हलवली. बोलायला तिला वेळ लागतो. दोघी थांबल्या.

“आधी बूट,” ती स्प्लिंटांकडे बोट दाखवत म्हणाली. “आजी… बूट घालून… बांधून बघायची.”

“कधी?”

“तू… कामावर. रोज बूट.”

 अफाफने स्प्लिंट चढवले, पट्टे एकेक करून ओढले, वरून फासे घेतले. घुंड्या बसल्या. दोर प्लास्टिकला इतका बेतशीर बसला की बोट घालायलाही जागा उरली नाही.

आतून नमाज संपल्याचा सलाम ऐकू आला. पहिला बाहेर आला तो पांढऱ्या दाढीचा, रुंद पंजाचा माणूस. मावशीने सुरी पुढे केली. त्याने स्प्लिंटांकडे पाहिलं, अल्लाचं नाव घेऊन उकिडवा बसला आणि दोराला हात घातला.

दोर अफाफच्या मुठीत होता.

“सोड पोरी,” मावशी हलकेच म्हणाली. “कापू दे त्यांना.”

“हो,” अफाफ म्हणाली, पण मूठ सोडली नाही.

म्हाताऱ्याने सुरी बाजूला धरली आणि तो तसाच बसून राहिला. त्याच्या मागे दारात माणसं चपला हातात घेऊन खोळंबली.