एका रेघेच्या रेंजवर अपूर्णांक

सकाळपासून तिसऱ्यांदा मास्तरांनी कॅम्परव्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. गाडी चालवून त्यांच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. नातीची उद्या अपूर्णांकांची परीक्षा होती आणि आज चार वाजता शिकवीन, असा शब्द त्यांनी दिला होता. व्हॅनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं होती, छपरावर अँटेना होता. पण फोनवर रेंजची एकच रेघ, तीही मधूनच येणारी-जाणारी.

"निवृत्तीनंतर जग बघू म्हणालात," बायको म्हणाली. "आपण नुसते टॉवर बघतोय."

मास्तरांच्या अंगात हसण्याचंही त्राण नव्हतं. कागदाची चकती आणि कात्री पुढ्यात घेऊन त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. नातीचा चेहरा आला आणि उघड्या तोंडानिशी तसाच थिजला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"जाऊ दे. माझ्याच्यानं आता होत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

तेवढ्यात नातीचा तुटक आवाज आला, "आजोबा, व्हिडिओ बंद करा ना. नुसत्या आवाजाला एवढी रेंज पुरते."

"अगं, मग तुला तुकडे दाखवू कसे?"

"माझ्याकडे पण कागदाची चकती आहे. तुम्ही सांगा, मी कापते."

मास्तरांनी व्हिडिओ बंद केला, डोकं सीटला टेकलं आणि डोळे मिटले.

"बरं. चकती अर्ध्यात दुमड. पुन्हा अर्ध्यात. आता घड्यांवर काप. किती तुकडे?"

पलीकडून कात्रीची करकर स्पष्ट ऐकू आली.

"चार! म्हणजे तीन घेतले की पाऊण. हो ना, आजोबा?"

"शाबास," मास्तर डोळे न उघडताच म्हणाले. "आता एकेक तुकडा अजून एकदा दुमड."