निळ्या काठाची फडकी

टिक् टिक् टिक्... ओट्यावरचं ते टोमॅटोसारखं लाल घड्याळ पुन्हा सुरू झालं आणि आजीच्या कपाळावर आठी चढली. तान्ह्या नातीला पाजायचं, खांद्याशी उभं धरायचं आणि त्या घड्याळाचा कान पिळायचा. अर्धा तास! पोर काय कुकरला लावलीय? पण सूनबाईंना सांगणार कोण, त्या आपल्या भिंतीला पाठ टेकून उभ्या...

"चार लेकरं वाढवली मी," आजी हातातल्या पातेल्याला म्हणाली, "एकाला घड्याळ लावलं नाही."

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, आई. पोटाच्या तोंडाशी झडप असते, हिची अजून सैल आहे. जास्त पाजलं, लगेच आडवं केलं, की आंबट वर येतं आणि घसा जळतो. थोडं थोडं पाजायचं. वजन वाढतंय ना, मग वर्षाची होईतो आपोआप थांबेल, म्हणाल्या."

"झडप म्हणे!"

आजीने फडक्यांची बादली न्हाणीत ओढली. तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलेली बाई. अक्षर लागत नसे, पण डाग वाचता येई. सुनेच्या खांद्यावरची पांढरी फडकी – एखादा ठिपका, नुकत्या प्यायलेल्या दुधाचा, वास नाही. निळ्या काठाची आजीची स्वतःची – माझ्या खांद्याला माझीच फडकी, असं तिनेच बजावलं होतं – ती मात्र पिवळट, चिकट, फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांनी भरलेली. तिने एक नाकाशी नेलं. दुसरं नेलं. सगळी निळीच...

सून अंघोळीला गेली की आजी तिने काढून फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाची बाटली कोमट करून पोरीला चार घोट पाजायची. रोज. ओकलं म्हणजे पोट रिकामं झालं, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मग मांडीवर आडवी घेऊन थोपटायचं. आणि मग ती किंचाळी, पाठीची कमान, इवल्या मुठी... तशीच कमान तिच्या थोरल्याची, आज या पोरीचा बाप असलेल्याची, व्हायची. कपड्यांच्या गाठोड्यावर त्याला निजवलेलं, हातात तापलेली इस्त्री, आणि मागून सासूबाई – "तुझं दूधच नासकं, त्याला दोष देऊन काय उपयोग?" विशीतल्या पोरीने ते खरं मानलं. दूध आटावं म्हणून छातीला पट्टा आवळला. दुसऱ्यांच्या सदऱ्यांवर पाणी शिंपडायचं असतंच, त्यात डोळ्यांतले चार थेंब कुणाला कळतात... मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात मी काय म्हणाले? नासकं नाही म्हटलं. "तुझं दूध मानवत नाही तिला," म्हटलं. जरा घडी घालून, पण कापड तेच. तेव्हापासून सून, आपल्या खाण्यानेच दूध बाधत असेल म्हणून, ताटातलं एकेक बाजूला सारतेय; आज सकाळी नवऱ्याला म्हणत होती, येताना पावडरीचा डबा आणा, माझं बंदच करते.

नळ वाहत राहिला. बादली भरून वरून सांडली तेव्हा कुठे आजीने तो बंद केला.

ती ओल्या हातांनीच बाहेर आली, हात पदराला पुसले. "दे इकडे. पाठ मोडली असेल तुझी."

"आडवी नका हं करू, आई—"

"कळतंय."

पोर खांद्याला लागली. मानेशी तिचा गरम, आंबूस श्वास. घड्याळात अजून थोडा वेळ होता; तेवढ्यात बोलायला हवं. पण चुकलं म्हणायची सवय जिभेला कधी लागलीच नव्हती, आणि शब्द वर यायचे, घशाशी जळायचे, पुन्हा खाली जायचे... सून समोर उभी, रिकामे हात कुठे ठेवावेत हे न कळलेली. विशीतलीच दिसत होती.

"हे बघ," आजी म्हणाली, नेहमीच्याच खरखरीत आवाजात, "तो डबा आणायचा नाही. तू अंघोळीला गेलीस की मी हिला वरून बाटली पाजत होते. खोट माझ्या हातात होती. तुझ्या दुधात नव्हती. कुणाच्याच नव्हती."