वीस टक्क्यांची बाटली

रुग्णालयाच्या औषधखोलीत बत्तीस वर्षं काढलेल्या फार्मासिस्ट बाईंना सगळेच ताई म्हणायचे. वरच्या भाजलेल्यांच्या वॉर्डातली नर्स ही त्यांची सख्खी धाकटी बहीण. तिची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली होती.

ताईंचे आकडे तोंडपाठ. जखमा धुवायचं जंतुनाशक पाच टक्क्यांचं यायचं, ते शंभर पट पातळ करायचं. "लिटरला दहा मिली. एवढ्याला कागद कशाला?" असं त्या म्हणत.

त्या सकाळीही त्यांनी दहा मिली मोजले, लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि बाटली वॉर्डात धाडली. मूळ बाटलीचं झाकण लावताना लेबलकडे लक्ष गेलं. नेहमीचाच निळा पट्टा, नेहमीचंच नाव. आकडा मात्र वीस.

वीस म्हणजे चौपट जहाल. अडीच मिलीच घ्यायचे होते!

वॉर्डाचा फोन लागेना. गुडघ्यांची पर्वा न करता त्या दोन जिने धापा टाकत चढल्या. लॉन्ड्रीत वाफेनं भाजलेल्या बाईच्या खांद्यावर धाकटी तेच पाणी सोडत होती.

"थांब! ओतू नकोस!"

धाकटीचा हात जागीच थिजला. ताईंनी बाटली हिसकावून घेतली. "सलाईन आण. भरपूर. आधी हे धुऊन काढ."

दोघींनी मिळून खांदा धुतला. मानेजवळचा पट्टा लालबुंद झाला होता. धाकटीनं ताईंना खिडकीपाशी ओढलं.

"फार नाही गेलं, ताई. बाटली ओतून टाकू. कुणाला कळणारही नाही."

"तिच्या कातडीला कळलंय ना?" ताई म्हणाल्या आणि बाटली तशीच घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी भर वॉर्डात त्यांची खरडपट्टी काढली. ताईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं, चूक स्वतःच्या अक्षरात लिहून दिली, आणि पुढे रोज खांदा बघायला जात राहिल्या. तो पट्टा भरायला बाकीच्या जखमेपेक्षा आठवडाभर जास्त लागला, पण भरला.

एकदा ताईंनी त्या बाईला विचारलं, "चुरचुरत होतं, तर ओरडला का नाहीत?"

"मला वाटलं, औषध म्हणजे चुरचुरणारच," ती म्हणाली. "तुम्ही मोजूनमापूनच देत असाल ना!"

ताईंना तिच्याकडे बघवेना.